आईला वाचून दाखवायची ओळ

रुख्माचे बाबूजी,

ही चिठ्ठी मनातल्या मनात वाचा. आई जवळ येऊन "वाच न बापू" म्हणतील, तरी मोठ्यानं वाचू नका.

रुख्माच्या घशातून रक्त येऊन राहिलं. मी आणि चैतराम भाऊजी तिला दुपारच्या गाडीनं परत गोंदियाला दवाखान्यात नेतो.

टॉन्सिल काढून आज पाचवा दिवस, पण दुखण्यानं तिला थुंकीही गिळवत नव्हती. म्हणून सकाळी डॉक्टरनं घशातच इंजेक्शन देऊन घसा बधिर केला आणि घरी सोडलं. दुखणार नाही, पण जखम ओली आहे, थंड पेजच द्या, म्हणाले. घरी येऊन मी आईला अर्धंच सांगितलं, की आता दुखत नाही. आणि पाण्याला गेली.

आईनं तिच्यासाठी नव्या धानाचे पोहे भाजून ठेवले होते. पाच दिवसांची उपाशी पोर, वाटीभर कडक पोहे तिनं न रडता खाल्ले. मी आली तर सारखी गिळून राहिली होती. आई म्हणाल्या, "पोरगी बरी झाली, पाणी न देता कशी गिळते." तोंड उघडून पाहिलं तर ती रक्त गिळत होती.

गाईला पाणी दाखवायचं राहिलं. दवाखान्यात येताना रुख्माची दुसरी गोधडी आणा, पहिली रक्तानं भरली.

आई चुलीजवळ बसून आहेत, उरलेले पोहे त्यांनी चुलीत टाकले. त्यांना एवढंच मोठ्यानं वाचून दाखवा: रक्त डॉक्टरच्या सुईनं आलं, पोह्यानं नाही.

अनुसया