पॅसेंजर ते पॅसेंजर टीव्ही

४ फेब्रुवारी १९९०, रविवार

मथुराला चार हाका मारल्या. चार! नात माझी, सात वर्षांची, टीव्हीपुढं हातभर अंतरावर बसलेली. मान वळली नाही. जवळ जाऊन खांद्याला हात लावला तर दचकली — दुसऱ्याच कुणाच्या घरात जाग आल्यासारखी. डोळ्यांतून पाणी गळत होतं. ताटातली भाकरी वाळून गेली होती.

सून म्हणते, लेकरंच ती, बघू द्या. पण हाक ऐकू न येणारं माणूस मी एकदा गमावलंय. मथुराचे आजोबा रेल्वेत चावीवाले होते. हातोडा घेऊन रोज रुळाच्या चाव्या ठोकत कोसभर जायचे. नऊ वर्षांपूर्वी पूर्णा जंक्शनकडून सुटं इंजिन आलं. मागं डबे नाहीत, नुसतं इंजिन. शिट्टी दिली होती, सगळेच सांगतात. त्यांना ऐकू गेली नाही.

आमच्या दारापासून साठ पावलांवर रूळ. पोर रोज तो ओलांडून शाळेला जाते.

५ फेब्रुवारी

नियम केला. घरात घड्याळ नाही, कधी लागलंच नाही. आमची चूलसुद्धा गाड्यांवर पेटते. म्हणून असं ठरवलं — संध्याकाळी नांदेडकडं जाणारी पॅसेंजर आली की टीव्ही लावायचा, तिकडून येणारी गेली की बंद. मध्ये तासभर जातो.

कुसुम, सून, म्हणाली, "आत्याबाई, गाडी लेट झाली मंग?" नागनाथ हसला. बापाच्या जागेवर लागलेला लेक, त्यालाच हसू! म्हणे आई आता ठेसन मास्तर झाली.

८ फेब्रुवारी

पोर रडली. जेवली नाही. मीही नाही.

१३ फेब्रुवारी

येणारी गाडी दोन तास लेट. नियम माझाच, बोलते कुणाला? पोर तीन तास टीव्हीपुढं बसली. कुसुम पदराआड हसत होती.

१९ फेब्रुवारी

फरक पडतोय. आज पहिल्याच हाकेला ओ दिली! दोन भाकरी खाल्ल्या. दुपारी शेजारच्या दगडाबाईच्या पोरींबरोबर लंगडी खेळली.

मग वाण्याच्या पुड्याचा कागद सरळ करून दोघी वाचत बसलो. मी अशीच शिकले, हे गेल्यावर. ठेसनची पाटी, भिंतीवरची नामांतराची मोठी निळी अक्षरं, मग पुड्याचे कागद. मथुरा माझ्या चुका काढते. काढू दे.

२३ फेब्रुवारी

आज एक नवलच. कार्यक्रम अर्धा झाला असेल, मथुरा आपण होऊन उठली आणि बटण बंद केलं. म्हणाली, गाडी आली.

मी काही ऐकलं नव्हतं. दारात जाऊन पाहिलं. रूळ मोकळा. वारा नाही, कुत्रं भुंकलं नाही. गाडी आली ती पुष्कळ वेळानं — तोवर पोर बंद टीव्हीपुढं शहाण्यासारखी बसून होती.

२५ फेब्रुवारी

आजही तसंच. मी विचारलं, कोणती गाडी?

"डबे न्हाईत आजी. निस्तं इंजिन."

पोळपाटावर माझा हात थांबला. आजोबा कसे गेले ते तिला कुणी सांगितलेलं नाही. कुसुमला विचारलं, नागनाथला विचारलं. दोघंही नाही म्हणाले. मथुराला आजोबा फोटोतच ठाऊक.

२६ फेब्रुवारी

नागनाथनं ठेसनवर चौकशी केली. दोन्ही दिवशी त्या वेळेला सुटं इंजिन गेलेलं नाही.

२७ फेब्रुवारी

गोष्ट शेजारी पोचलीच. दगडाबाई येऊन बसली. म्हणे आजोबा नातीला बोलवायलेत, गंगाखेडला एक जण गंडा बांधून देतो. मी सांगितलं, माझ्या बापानं दीक्षा घेतली तेव्हाच देवऋषी नि गंडेदोरे उंबऱ्याबाहेर गेले. आमच्या घरात भूत नाही.

चहाची कपबशी ठेवत ती म्हणाली, "घरात न्हाई गं बाई. रुळावर तर हाय."

मी हसले. ती गेल्यावर दार लावून घेतलं. भर दुपारी!

१ मार्च

मथुरा आता टीव्ही मागतच नाही. पॅसेंजर येते, जाते, ती उंबऱ्यावर कान देऊन बसते. खेळायला जात नाही. हाक मारली की बोट ओठावर ठेवते. मला! आजीला!

डोकं चालवून पाहिलं. इतके दिवस घरात सारखा आवाज होता. तो मीच बंद केला. घर रिकामं झालं, आणि त्या रिकाम्यात हे शिरलं. भूत नव्हे. पण काहीतरी शिरलं.

आता मीही कान देते. तिच्यासाठी. ती काय ऐकते ते कळावं म्हणून.

३ मार्च

आज मथुरा उंबऱ्यावर नव्हती. लंगडी खेळत होती. विचारलं, इंजिन आलं का गं? म्हणाली, कोणतं इंजिन?

बरं वाटायला पाहिजे होतं.

४ मार्च, रविवार

दुपारी मथुराचा हात धरून रूळ ओलांडत होते. पूर्ण्याकडून इंजिन आलं. मी तिला ओढलं, दोघी खडीवर पडलो. तिचा गुडघा फुटला. अंगावरून गरम वारा गेला, पदर उडाला.

पोर रडत म्हणाली, "आजी, काय बी न्हवतं की."

घरी येऊन कुसुमला सांगितलं, टीव्ही लाव. बंद करू नको. आवाज मोठा कर.