तुझ्या काउंटीत माणसं किती

फरीज बिन ओमरान, दोहा
शुक्रवार, ७ फेब्रुवारी २०२५

प्रिय समी,

सलाम. हनियाला गोड पापा. आम्ही इकडे बरे आहोत. कुणालचं कॉन्ट्रॅक्ट आणखी वर्षभर वाढलं, त्यामुळे घर बदलायचं तूर्त टळलं. थंडी आहे, म्हणजे आमच्यापुरती. खालच्या मल्याळी किराणावाल्याकडे जाताना मी शाल गुंडाळते, आणि तू लिहितेस की नेब्रास्कात नळाची बारीक धार सोडून ठेवावी लागते, नाहीतर पाइप फुटतात.

तुझी सगळी पत्रं मी जपून ठेवली आहेत. कुणाल हसतो, मेलला पत्र काय म्हणतेस म्हणून. पण रत्नागिरीच्या शाळेत एका बाकावर बसलेल्या आपण दोघी, आपल्याला मराठीत लांबलचक लिहिल्याशिवाय चैन पडत नाही, आणि फोन लावावा तर तुझी नर्सची ड्यूटी संपते तेव्हा इथे पहाट झालेली असते.

गेल्या वर्षभरात मी तुला किती प्रश्न विचारले ते मला ठाऊक आहे. तुझ्या काउंटीत माणसं किती. घर लाकडाचं की विटांचं. शेजारीण हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर आहे का. दुकान कुठे. हलाल मटण कुठून आणतेस. हनियाच्या वर्गात मुलं किती. ताप आला तर तुझ्याकडे कोण बघतं. तू बिचारी प्रत्येकाचं उत्तर देत आलीस. सगळ्या काउंटीतली माणसं इथल्या बरवा अल बराहाच्या कामगार वस्तीच्या एका कोपऱ्यात मावतील, असं लिहिलंस. रिकामी घरं पुष्कळ, पण मालक वारलेले, मुलं शहरात गेलेली, छपरं बसलेली. म्हणून भाड्याने घर मिळत नाही, आणि हॉस्पिटलने तुला बंद पडलेल्या शाळेच्या मुख्याध्यापकाचं घर दिलं. मटणाला तास-दीड तास गाडी हाकत मांसाच्या कारखान्याच्या गावात जायचं, तिथे सोमाली माणसाचं दुकान आहे. एकदा तू लिहिलंस, ‘तेजू, तुला जनगणनेच्या कामावर घेतलंय का?’ मी ते वाचून हसले आणि उत्तर द्यायचं टाळलं.

ते प्रश्न माझे नव्हते, समी. ते हमिदाचाचींचे होते, तुझ्या अम्मीचे.

रागावू नकोस, आधी सगळं वाच. गेल्या हिवाळ्यात एका शुक्रवारी मी अल रय्यानला तुझ्या भावाच्या, सुफियानच्या घरी गेले होते. तुझी वहिनी रिदा आत भात बघत होती आणि हमिदाचाची ओट्यापाशी स्टुलावर बसून सुरमई कापत होत्या. तुझं पत्र तेव्हाच आलं, ते मी उभ्या उभ्या वाचायला लागले. चाचींनी विचारलं, ‘‘कुणाचं?’’

‘‘समीनाचं.’’

त्यांनी मान वर केली नाही. सुरी चालूच होती. मी फोन पर्समध्ये ठेवला तशी म्हणाल्या, ‘‘रिदाला वाचून दाखव. तिला हौस हाय.’’

रिदा शहाणी मुलगी. ती ताबडतोब गॅस बारीक करून येऊन बसली. मी वाचलं. संपल्यावर चाची रिदाला म्हणाल्या, ‘‘विचार तिला, तिथं मानसं किती हायत.’’ तेव्हापासून हे असंच चाललंय. तुझं पत्र आलं की मी शुक्रवारी जाते, रिदा समोर बसते आणि चाची तिच्या आडून ऐकतात. पुढे पुढे रिदाचं नाव घेणंही सोडलं त्यांनी. मुख्याध्यापकाच्या घराचं वाचलं तेव्हा म्हणाल्या, ‘‘म्हणजे आपल्या मोहल्ल्यासारखाच. तिथं पण आता कुलपंच राहतात.’’

तुम्हा दोघींत जे झालं ते माझ्यासमोरच झालं होतं. हारिसपासून तलाक घेऊन तू लेकीला घेऊन इतक्या लांब निघालीस, तेव्हा चाची म्हणाल्या, ‘‘मानसं सोडून जंगलात चाललीस. मना फोन करू नको.’’ आणि तू खरंच केला नाहीस. दोघी एकाच मातीच्या. ईदला सुफियान तुझ्याशी बोलतो तेव्हा चाची उठून आत जातात असं तुला वाटतं ना? त्या दाराच्या आत उभ्या असतात. रिदाने पाहिलंय.

आता डिसेंबरातल्या पत्राबद्दल. ते तुझ्या शेजारणीविषयी होतं. लॉइस आजी घरीच शेवटच्या आजारात होती, बर्फाने रस्ते बंद झाले होते, मुलगी येऊ शकत नव्हती, अंत्यसंस्कारवाल्याची गाडीही अडकली. दुपारी ती गेली, आणि तू तिला कोमट पाण्याने अंघोळ घातलीस, केस विंचरलेस, तिचा निळा झगा घातलास आणि गाडी येईपर्यंत तिच्याजवळ बसून राहिलीस. तू हे अगदी थोडक्यात लिहिलं होतंस. मलाही वाचताना मध्ये थांबावं लागलं.

चाचींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘‘पाणी कोमट होतं?’’

‘‘होय चाची. लिहिलंय तसं.’’

‘‘कुणी शिकवलं तिला?’’

मोहल्ल्यात कुठलीही बाई गेली की तिला शेवटची अंघोळ, गुसल, घालायला आधी हमिदाचाचींना बोलावणं यायचं, हे आपण लहानपणापासून पाहत आलो. तू शाळेतून येऊन सांगायचीस, आज अम्मी गुसलला गेलीय, घरी कुणी नाही, मी तुझ्याकडे जेवते. मी म्हटलं, ‘‘तुमच्याशिवाय कोण शिकवणार?’’

‘‘मी तिला कधी नेली नाय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पोर भिईल म्हणून बाहेरच ठेवायची.’’ आणि पदराने तोंड पुसलं.

समी, पुढचं लिहायला मी सकाळपासून बसले आहे. मध्ये कपडे वाळत घातले, चहा केला, कुणालला जेवायला वाढलं.

चाचींना ऑक्टोबरपासून जेवण जात नव्हतं. डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा सुफियानने हॉस्पिटलमध्ये नेलं. तो आत कागदपत्रं करत होता, तेव्हा मी त्यांच्याजवळ होते. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, आणि पसरलेला आहे. डॉक्टरांनी औषधांचं सांगितलं, पण त्यांचं बोलणं तू असतीस तर तुला लगेच समजलं असतं. चाचींनीही ओळखलं. म्हणाल्या, ‘‘खलास. मना गावाला न्या.’’ सुफियानला त्यांनी शपथ घातली आहे, समीनाला कळवायचं नाही, ती तिकडची नोकरी सोडून येईल आणि पोरीची शाळा बुडेल. बिचारा शपथ पाळतोय आणि वाळत चाललाय.

मला मात्र त्यांनी शपथ घातली नाही. विसरल्या असं मला वाटत नाही.

काल सकाळी त्या गावी गेल्या. सुफियान आणि रिदा सोबत आहेत. मी विमानतळावर गेले होते. व्हीलचेअर ढकलणारा मुलगा आला तेव्हा त्यांनी मला खाली वाकवलं आणि कानाशी म्हणाल्या, ‘‘तिला विचार, मना अंघोळ घालायला येशील काय.’’

मी म्हटलं, ‘‘चाची, ती आत्ताच का नको यायला? तुमच्याशी बोलायला?’’

‘‘तू विचार,’’ म्हणाल्या. ‘‘इतकं विचारलंस, हे पण विचार.’’

म्हणून विचारतेय. हा त्यांचा प्रश्न मी पहिल्यांदाच त्यांच्या नावाने तुझ्यापर्यंत पोचवतेय. आधीचेही तसेच पोचवायला हवे होते की काय, ते मला आज कळत नाही.

उत्तर मला लिहू नकोस. त्यांना दे.

तुझी,
तेजश्री


गावाहून, रत्नागिरी
रविवार, २० एप्रिल २०२५

प्रिय तेजू,

सुफियानने तुला फोन केला होता हे समजलं. तेव्हा मला बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय.

तुझं पत्र मी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून वाचलं. तशीच आत गेले आणि आमच्या हेडनर्सला सांगितलं, माझी आई मरतेय. ती म्हणाली, ‘‘मग तू अजून इथे का आहेस?’’ माझ्या ड्यूट्या कुणी कशा वाटून घेतल्या ते मला अजून माहीत नाही. दोन रिटायर झालेल्या बायका माझ्यासाठी पुन्हा युनिफॉर्म घालून उभ्या राहिल्या, एवढं कळलंय.

घरात शिरले तेव्हा अम्मी पडवीतल्या खाटेवर होती. अर्धी उरली होती, तेजू. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्यामागे हनिया होती, तिला म्हणाली, ‘‘तुझ्या वर्गात आता किती पोरं हायत?’’

हनियाला मराठी कळतं, पण बोलायची वेळ आली की ती इंग्रजीवर जाते. म्हणाली, ‘‘इलेव्हन, नानी. वन फॅमिली मूव्ड अवे.’’

अम्मीने मला विचारलं, ‘‘काय म्हणते?’’ मी सांगितलं, अकरा, एक घर गाव सोडून गेलं. अम्मी म्हणाली, ‘‘अरेरे. का गेले?’’ आणि आमचं बोलणं तिथून सुरू झालं, जणू कधी थांबलंच नव्हतं. रोज काही ना काही विचारायची. चर्चमध्ये बायका मागे बसतात का. मक्याला पाणी विहिरीचं की पावसाचं. अँब्युलन्स चालवणारा माणूस पगारी की असाच. असाच म्हटल्यावर तिला त्याचं फार वाटलं. रमजानात इफ्तारला आम्ही दोघीच असतो का, हेही विचारलं. मी होय म्हटलं. खोटं बोलावंसं वाटलं नाही. तिने माझी बोटं धरून ठेवली.

जुन्या भांडणाचं नाव मी काढलं नाही. तिनेच एकदा, मी पाठ पुसत असताना, काढलं. ‘‘मी तुझ्या गावाला जंगल म्हनलं होतं.’’

मी म्हटलं, ‘‘राहू दे अम्मी.’’

‘‘राहू दे कसं? चुकीचं म्हनलं. शेजारीण मेली तर शेजारीण अंघोळ घालते, त्याला जंगल म्हनत नाय.’’

ईद झाली आणि पुढच्या आठवड्यात ती गेली. सकाळची वेळ होती, सुफियान कुराण वाचत होता. आधी दोन दिवस तिने मला सगळं सांगून ठेवलं होतं. बोरीची पानं कुठली घ्यायची, कापूर शेवटच्या पाण्यात किती. म्हणाली, ‘‘घाई करायची नाय. बाई ऐकते असं समजून बोलत बोलत करायचं. आता हात उचलते, आता कुशीवर करते, असं.’’

तसंच केलं. मी, रिदा आणि मोहल्ल्यातल्या दोन म्हाताऱ्या. आणखी कुणी मिळेना, कारण तरुण बायका आखातात नाहीतर मुंब्र्याला, आणि ज्या आहेत त्या भितात. मी हॉस्पिटलात इतक्या जणांचं शेवटचं केलंय. अम्मीच्या केसांच्या तीन वेण्या घालायच्या होत्या. दुसऱ्या वेणीला मला पेड मोजता येईनात. रिदाने माझे हात बाजूला केले नाहीत, फक्त आपले हात माझ्या हातांवर ठेवले, आणि आम्ही दोघींनी मिळून ती वेणी पुरी केली.

जायच्या आधी अम्मी एक बोलली होती, ते फक्त तुला सांगते. मी म्हटलं होतं, मी आता इथेच राहते. ती म्हणाली, ‘‘का? तिथं म्हाताऱ्या बाया हायत, आणि करणारं कोण नाय. तू परत जा.’’ मी विचारलं, ‘‘तुला राग नाही येणार?’’ म्हणाली, ‘‘मना तिथली सगळी मानसं माहीत हायत आता.’’

दफनानंतर बायका बसल्या होत्या. पलीकडच्या जैबूनखाला, नव्वदीला आल्यात, त्यांनी माझा हात ओढून विचारलं, ‘‘हमिदा गेली. आता आमचं कोण करनार गो?’’ तिकडे हे करणारी मी एकटी, इकडे आता कुणीच नाही.

म्हणून तिकीट पुढे ढकललं. हेडनर्सला कळवलं, ती बरं म्हणाली. मोहल्ल्यातल्या दोन सुना रोज दुपारी पडवीत येतात. एक अजून डोळे मिटून घेते, दुसरीचा हात मात्र चांगला आहे. मोठ्या उशीला चादरीत गुंडाळून मी त्यांना गुसल शिकवते. हनिया पाणी आणून देते. तिला मी बाहेर ठेवलेलं नाही.

काम झालं की परत जाईन.

हमिदाची लेक,
समीना