अडुसष्ट धडका

प्रिय डेलमार,

फोनवर तू ओरडशील आणि माझं सांगायचं राहून जाईल, म्हणून लिहिते आहे.

आधी चांगलं सांगते. निम्मा हंगाम झाला. कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या बचावफळीने सहा सामन्यांत समोरच्या संघांना सामन्यामागे फक्त अकरा गुण करू दिले. आपल्या कोल्टनने अडुसष्ट जणांना धडकून लोळवलं, संघात सर्वांत जास्त. जेवतो नीट. तुझा गुडघा कसा आहे?

शनिवारी सामन्यात डोक्याला मार बसल्यावर त्याने मला तीनदा विचारलं, "आई, बाबा आले नाहीत का?" आधी विचारल्याचं त्याला आठवतच नव्हतं. दरडावलं तेव्हा बोलला. हंगामाआधीच्या मेंदूच्या चाचणीत त्याने मुद्दाम चुकीची उत्तरं दिली होती. पुढे डोक्याला मार बसला तरी गुण घसरलेले दिसू नयेत, म्हणून.

"सगळेच करतात गं! डॉक्टरांना सांगितलंस तर माझी जागा जाईल."

"मग डोक्याशिवाय उभा राहणार आहेस का त्या जागेवर?"

अडुसष्ट, डेलमार. रोज मोजते आणि घाबरते. रागाव हवं तर.

तुझी,
लॉरेटा

ता. क. सोमवारी सकाळी नऊ वाजता संघाचे डॉक्टर मेअर्स यांच्या हाती दिलं: कोल्टनने शाळेत असताना खरी उत्तरं देऊन केलेल्या मेंदूच्या चाचणीचा कागद, आणि हंगामाआधीची, ऑगस्टमधली चाचणी खोटी असल्याचं माझ्या सहीचं पत्र. पोच घेतली आहे.