टॅमसिन ट्रेवेनाची पेन्सिल

मी, डेस्मंड रॉय पॅस्को, वय वर्षे एक्याऐंशी, अर्थशास्त्राच्या इतिहासाचा निवृत्त प्राध्यापक, राहणार लेना व्हॅली, होबार्ट, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. असलाच तर माझ्याच मनाचा आहे.

१. घर आणि मागची जर्दाळूची झाडं पुतण्या ग्रॅहमला. त्याने घर पाडून दोन बांधली तरी हरकत नाही, फक्त बेत मला आत्ता सांगू नये.

२. बँकेतली शिल्लक बहीण शर्लीला. माझं भिंग प्रा. लिंडसे हॅलम यांना. ‘जुने सिद्धांत आता वाचतंय कोण’ म्हणत त्यांनी आमचा विषय अभ्यासक्रमातून काढला. मी त्यांना माफ केलेलं नाही, आणि वकिलांनी हे वाक्य गाळू नये.

३. कपाटाच्या खालच्या खणातलं पत्र. याबद्दल सविस्तर लिहिणं भाग आहे.

जोसाया ट्रेवेना हे दीडशे वर्षांपूर्वीचे इथले अर्थशास्त्रज्ञ. मजुरीचं भांडं ठरलेलं असतं, एकाने जास्त वाढून घेतलं की दुसऱ्याला कमी पडतं, हा त्यांचा सिद्धांत. खाणमालकांनी त्याच्या जोरावर संप मोडले. त्यांच्या हस्तलिखिताच्या समासात मला पेन्सिलीची ओळ सापडली: ‘भांडं केवढं, हे कोण ठरवतं?’ ट्रेवेनांनी उतारवयात स्वतःचाच सिद्धांत मोडीत काढला, असा अर्थ मी लावला. त्यावर ग्रंथ लिहिला, नाव कमावलं.

माझी विद्यार्थिनी नेरिडा क्लोझ हिने प्रबंधात दाखवलं की ते अक्षर जोसायाचं नाही. त्यांचं लिखाण उतरवून देणाऱ्या बहिणीचं, टॅमसिनचं आहे. भर चर्चासत्रात मी म्हणालो, “नेरिडा, स्वयंपाकघरातून सिद्धांत निघत नाहीत.” सगळे हसले. प्रबंध मी नामंजूर केला आणि ती शाळेत शिकवू लागली.

दोन वर्षांनी जुन्या कागदांत मला टॅमसिनचं पत्र सापडलं. ती ओळ आपली आहे आणि भावाने ती खोडायला सांगितली होती, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. पत्र मी एकवीस वर्षं दडवलं. मला याची लाज वाटते.

हे पत्र नेरिडाला मिळावं, असं मी आधी लिहिलं होतं. मंगळवारी तिला बोलावून ते कलम वाचून दाखवलं.

“म्हणजे तुम्ही गेल्यावर मी दारोदार सांगत फिरायचं?” ती म्हणाली. “लोक म्हणणार, म्हातारा गेला आणि हिला कंठ फुटला.”

मग काय करू, असं मी विचारलं.

“मला काही देऊ नका. मी साक्षीदार म्हणून सही करते. तुम्ही शुद्धीवर असताना हे लिहिलंत, एवढं तरी कोणी बघितलेलं असू दे.”

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, हे मी तिला समजावू लागलो. तिला ते माहीत होतं.

म्हणून तो मजकूर खोडला आहे. पत्र मी सोमवारी स्वतः ग्रंथालयात नेऊन देईन, आणि माझा ग्रंथ चुकीचा आहे हे तिथेच लिहून देईन. नेरिडा क्लोझ हिला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही.

होबार्ट, ११ मे २०१२
(सही) डेस्मंड रॉय पॅस्को

साक्षीदार:
कोस्टास व्लाहोस, शेजारी. (सही)
नेरिडा क्लोझ, शिक्षिका. (सही) हे माझ्यासमोर लिहिले. अक्षर त्यांचेच आहे.