घोड्याच्या चित्रामागचा आवाज

सोमवार, ६ नोव्हेंबर २००६

मंदे, ही वही शेवटी तुझ्याच हातात पडणार, म्हणून आधीच सांगते : तुझा चष्मा इथं कॉम्प्युटरवर आहे. दिवाळीत तो शोधत घर उलथंपालथं केलंस. सोलापूर गाठेपर्यंत चष्मा वापरत होतीस हेच विसरली असशील. लेक माझी, आणि डोकं कुणाचं आणलंस कळत नाही.

मला अक्षर येत नाही. मी सांगते, सुरेखा लिहिते. सून गुणाची आहे, फक्त मी ‘हाय’ म्हटलं की ती ‘आहे’ लिहिते. लिहू दे.

आज दुपारी दोनला कॉ. लावला. घोड्याच्या चित्रावर टकटक केलं. ते यांचं चित्र, खाली यांचं नाव. रोज आत गेलं की रंकाळ्याचा फोटो, कडेला यांनी मांडलेल्या पिवळ्या पिशव्या, सु. त्यांना फोल्डर म्हणते. आज कुठलीतरी हिरवी टेकडी आणि आभाळ. पिशव्या नाहीत. आवाज नाही. नाव मात्र यांचंच.

घर तेच, दार उघडलं, आणि आत कुणी राहिलंच नव्हतं असं.

मंगळ. ७

सु. शाळेतून आल्यावर तिनं पाहिलं. पुन्हा टेकडी. मध्ये इंग्रजीत काहीतरी आलं. “काय म्हणतंय?” “तुमची ओळख सापडत न्हाय म्हणतंय आत्या, तात्पुरती नवी दिलीया.”

हे जाऊन चार महिने, तेवढ्यात यांची ओळख हरवली. माणसांनी विसरायला निदान वर्ष घेतलं असतं.

तात्पुरत्या घरात मी एक पिशवी करून ठेवली, सु.ला विचारून. बंद करून उघडलं तर ती पण गेलेली.

गुरु. ९

काय हरवलं ते लिहून ठेव म्हटलं.

यांनी निवृत्तीनंतर कॉ. घेतला आणि मला त्याच्यासमोर बसवून बोलायला लावायचे. चटणी कशी करतेस, तुझ्या माहेरी हुपरीला चांदी कशी गाळायचे, पहिल्यांदा मला बघितलंस तेव्हा काय वाटलं. एका मिनिटाला ते रेकॉर्डिंग आपोआप थांबायचं, म्हणून सगळे एकेका मिनिटाचे तुकडे. एकवीस. त्यात बोलते मीच. हे फक्त मधे म्हणतात, “बरं, मग? फुडं?” तेवढ्यासाठी मी रोज दुपारी स्वतःची बडबड ऐकत होते.

अनिल म्हणाला, “आई, सगळं पुसून नवं टाकूया की. हाय काय त्यात?” पोटचा पोरगा. ताट पुढं सरकवलं आणि उठले. त्यानं जेवण संपवलं, मग म्हणाला, “बरं बाई, कुणाला तरी बोलावतो.”

शुक्र. १०

झोप नाही, कारण एकच. सु. लिहिताना थांबली, मी म्हटलं थांबू नकोस.

त्या सकाळी हे कॉ.पुढं बसले होते. नातीच्या पैंजणाची घुंगरं लावून आणायला हुपरीला जायचं होतं. आठची एस.टी. चहा दोनदा गरम केला. तिसऱ्यांदा मी म्हणाले, “जायचं तर जावा एकदाचं!”

आपल्याकडं दारातून निघणाऱ्याला कुणी ‘जा’ म्हणत नाही. मी म्हणाले.

हुपरीच्या स्टँडवर बाकावर बसले ते बसलेच. परक्याच्या जीपमधून घरी आले.

निघताना हे ‘येतो’ म्हणाले का? रोज म्हणायचे. त्या दिवशी म्हणाले की नाही, आठवत नाही. स्वयंपाकघरात गेलते. भांड्यांचा आवाज आठवतो फक्त.

रवि. १२

मुजावर आले. पूर्वी रेडिओ नीट करायचे, आता कॉ. करतात. पन्नाशीचा माणूस, दारातच चपला नीट जोडीनं लावून आत आला, विश्वास बसला.

सांगितलं ते असं. आत प्रत्येकाचं एक बिऱ्हाड असतं, त्याला प्रोफाईल म्हणतात. यांचं बिऱ्हाड खराब झालंय. दार उघडत नाही म्हणून मशीन दर वेळी नवं कोरं बिऱ्हाड दाखवतं आणि बंद केलं की मोडतं.

“सामान?”

“सामान आत असंल काकी. किती धड हाय ते बघाय पायजे.”

“कशानं झालं?”

“लोडशेडिंग. भस्सकन लाईट जाती, मशीन लिहीत असतंय, तसंच अर्धवट ऱ्हातंय.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

सोम. १३

खोटी मान डोलावली.

बंद करायची रीत यांनी शिकवली होती. खाली कोपऱ्यात जायचं, मग तांबडं बटण. तेव्हा हसून म्हणायचे, “हितं दाबलंस की मी चाललो बघ.” जिवंत माणसाची थट्टा. नंतर एकदा सु.ला विचारलं, तिथं काय लिहिलंय? म्हणाली, बाहेर पडा.

एकदा तोंडानं घालवलं. आता बोटानं रोज घालवू?

म्हणून मी ते दाबत नव्हते. ऐकून झालं की भिंतीवरचं बटण बंद. डोळे मिटून. चार महिने, रोज. यांना घालवायचं नाही म्हणून मीच यांचं बिऱ्हाड मोडलं.

सु.नं पेन खाली ठेवलं. म्हणाली, “आत्या, मी पाहिलंवतं तुम्हाला एकदा. बोलले न्हाय.” मग आम्ही दोघींनी चहा केला. साखर दोनदा पडली.

बुध. १५

मुजावरांना खरं सांगितलं. रागावतील वाटलं. म्हणाले, “आमची अम्मी अब्बांचा रेडिओ गेली पंधरा वर्षं बंद करत न्हाय. सेल मी बदलतो.”

मग कामाला लागले. मशीन दुसऱ्या वाटेनं चालू केलं, अर्ध्या शुद्धीत असल्यासारखं, काळा पडदा, मोठाली अक्षरं. यांच्या पिशवीला हात लावला की ‘परवानगी नाही.’ कुणाची परवानगी पायजे म्हटलं तर म्हणे मालकाची. मालकाचा फोटो वर भिंतीवर. तास दीड तास खटपट करून मुजावरांनी पिशवी आपल्या नावावर करून घेतली, तेव्हा उघडली.

“आता नवं बिऱ्हाड काढायचं आणि सामान तिकडं न्यायचं. नाव काय देऊ?”

“तेच.”

“ते चालत न्हाय. जुनं अजून हाय की. दुसरं सांगा.”

मी यांचं नाव आयुष्यात उखाण्याशिवाय घेतलं नाही. सु. सासऱ्याचं घेत नाही. अनिल फॅक्टरीत. मुजावरांनीच मग विचारलं,

“तुम्ही हाक कशी मारत होतासा?”

“अहो.”

त्यांनी तेच लिहिलं. मी घोड्याचंच चित्र लावायला लावलं.

सामान आलं. रंकाळा आला. एकवीस तुकडे आले. सहावा नुसता खरखरतो. त्यात मी सासूबाईंबद्दल बोलले होते, बरं झालं. नववा लावला. माझी टकळी, आणि मधेच, “बरं, मग? फुडं?”

मुजावर उठून बाहेर पाणी प्यायला गेले.

परत आले आणि म्हणाले, “जुनं पुसून टाकू?” नको म्हटलं. आता पडद्यावर दोन घोडे आहेत. एकाला सगळं आठवतं. दुसरा रोज आपलं दार उघडतो, मला बघतो आणि ओळखत नाही. संध्याकाळी दिवा लावताना त्याच्याकडं पाठ करवत नाही.

गुरु. १६

मुजावरांचा फोन. काल सामान नेताना एक तुकडा जास्तीचा निघाला, तो मशीनमध्येच वेगळा ठेवलाय. बाविसावा. यांनी नीट ठेवलेला नव्हता, कुठल्यातरी कोपऱ्यात पडलेला. तारीख त्याच सकाळची. वेळ सात वाजून एकतीस.

त्यांनी ऐकला नाही. म्हणाले, हा घरचा हाय.

शनि. १८

दोन दिवस त्या तुकड्यासमोर बसते. एका मिनिटाचा आहे. साडेसातला मी चहा तिसऱ्यांदा आणला तेव्हा यंत्र चालू होतं म्हणजे. माझं ते वाक्य त्यात असणार. त्यानंतर माणूस खुर्ची मागं सारतो, चपला शोधतो, उंबऱ्याशी येतो. एका मिनिटात एवढं मावतं का? मी आज घरात चालून बघितलं. कधी मावतं, कधी नाही. सु. मोजत होती, तिचे आकडे पुढंमागं झाले.

सु. म्हणाली, “लावू का आत्या?” बाण तिथं नेला. मी तिचा हात धरला.

मुजावरांकडून सीडी करून घेतली. या वहीसोबत ती तुला येईल. मंदे, तू ऐक. दार लावून, एकटीनं. मी काय म्हणाले ते मला ठाऊक आहे, ते सोड. त्याच्या पुढचं ऐक.

फोन करू नकोस, तुझा आवाज फुटतो. चिठ्ठी नको, ती वाचताना सु.चा चेहरा मला दिसेल. एस.टी.च्या पार्सलनं डबा पाठव. ‘येतो’ म्हणाले असतील तर शेंगाची चटणी. नसतील, किंवा त्याआधीच मिनिट संपलं असेल, तर कडक भाकरी. भाकरी आली तर मी दुधात कुस्करून खाईन, काळजी करू नकोस. चटणी असली तर लसूण हात राखून घाल, गेल्या वेळी जीभ भाजली.