इंग्रजीत कण्हणारा सुभेदार

व्याहीबुवा लालासाहेब यांना माजी सुभेदार आकाराम यांचा, कंबर परवानगी देईल तेवढा वाकून, रामराम.

इकडे कडेगावला आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमचे गुडघे काय म्हणतात? आल्याच्या पिकाला कूज लागली असं कानावर आलं, ते खरं का? गाय दूध बरं देते ना? (ही चौकशी मनापासून आहे. उत्तर आलं नाही तरी मी पुन्हा करणार.) विहीणबाईंना, म्हणजे अंजनाताईंना, आमचा नमस्कार सांगा. त्यांची आणि आमच्या घराची फोनवर रोज बोलणी चालतात, हे तुम्हाला माहीत नाही असं धरून मी पुढे लिहितो.

आजच्या काळात पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर माझा नंबर दिसला की तुम्ही फोन कापता. परवा शेजाऱ्याच्या फोनवरून लावला, तर माझं ‘हॅलो’ ऐकून कापलात. पत्र कापता येत नाही. फाडता येतं, पण कागद वाया घालवणं तुमच्या हातून होणार नाही हे मला ठाऊक आहे. आणि पाठकोरा म्हणून न वाचता फळीवर टाकाल याचीही भीती आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहितोय.

आता मुद्द्याचं. पाडव्याला रेश्मा कोरेगावला माहेरी आली आणि इंग्लंडच्या दवाखान्यात नर्स म्हणून जायचं आहे, त्यासाठी इंग्रजीची परीक्षा देतेय, असं तिने तुम्हाला सांगितलं. तुम्ही श्रीखंडाचं ताट सारून उठलात. “पोरगी म्या कडेगावला दिलीया, इंग्लंडला न्हाई,” असं बोललात आणि तेव्हापासून पोरीशी बोलणं बंद. तिचा फोन आला की तो अंजनाताईंच्या हातात देऊन गोठ्यात जाता. (गोठा एवढा झाडून लख्ख झालाय म्हणे, की गाईला परक्या घरात आल्यासारखं वाटतं.) तुमचा राग आमच्यावरही आहे. सून परदेशी धाडून आम्हाला बंगला बांधायचाय, असा तुमचा समज. व्याहीबुवा, देवाशपथ सांगतो, कल्पना तिची एकटीची. आमचा विश्वजीत तर बायको जाईल तिकडे पाठोपाठ जायला तयार असलेला माणूस. त्याला कल्पना सुचत नाहीत. मीसुद्धा पहिल्या दिवशी तुमच्यासारखाच भडकलो होतो. फक्त आमच्याकडे जेवणं उरकली होती, त्यामुळे सारायला ताट नव्हतं. मग रात्रभर विचार केला. ज्याने अठराव्या वर्षी पत्र्याची ट्रंक खांद्यावर घेतली आणि अर्धं आयुष्य घराबाहेर काढलं, त्याने सुनेला ‘जाऊ नकोस’ म्हणायचं कोणत्या तोंडाने? सकाळी उठलो आणि तिच्या अभ्यासाची सूत्रं हातात घेतली. चूक झाली ती इथे.

परीक्षेत वाचन, लेखन, ऐकणं आणि बोलणं असे भाग असतात. पहिले तिन्ही ती मागच्या खेपेला पास झाली. बोलण्यात थोडक्यात हुकली. या खेपेला हुकली तर तिथली जागा दुसऱ्या कुणाला जाणार. म्हणून मी पलटणीच्या शिस्तीने घर चालवायला घेतलं. पहाटे चहाआधी शब्दांची हजेरी. प्रत्येक वस्तूवर इंग्रजी नावाची चिठ्ठी डकवली, पिठाच्या डब्यापासून देवघराच्या घंटेपर्यंत. जे शब्द कुठल्याच वस्तूवर बसेनात, ‘तथापि’, ‘त्याशिवाय’ असल्या जातीचे, ते दावणीच्या खांबावर लावले. ते म्हशीने खाल्ले. (त्या दिवशी दूध कमी आलं. आमच्या मंडळींचं, म्हणजे बनुबाईचं म्हणणं, त्या शब्दांचाच परिणाम.)

व्याकरणाचं तर विचारूच नका. इंग्रजीत बोलायची एक तऱ्हा आहे, तिच्यात काम होतं पण करणारा दिसत नाही. भाकरी थापली जाते, भांडी घासली जातात, असं. रेश्मा चुलीपाशी बसून ती वाक्यं घोकत होती, मराठीत अर्थ लावून. आमची बनुबाई थापता थापता थांबली. “थापली जाती म्हंजी? मी हितं मेली का? थापणारीचं नाव का न्हाई घेत?” रेश्माने समजावलं की इंग्रजीत असं चालतं. बनुबाई म्हणाली, “आपल्यातबी चालतंय की. सोसायटीच्या सभेत चेरमन उठून म्हणतोय, चूक झालेली हाय. कुणी केली त्ये न्हाई सांगत.” मी एवढी वर्षं इंग्रजी ऐकलं, पण हा पाठ माझ्या डोक्यात बसला तो त्या दिवशी.

तर बोलण्याच्या परीक्षेत असं असतं की परीक्षक, चिठ्ठीत लिहून दिलेला आजार आणि अडचण घेऊन, खोटाखोटा पेशंट होतो. नर्सने त्याच्याशी बोलायचं, त्याला काय होतंय ते काढून घ्यायचं, धीर द्यायचा, पटवायचं. सरावाला पेशंट हवा. आता आपल्या भागात फुकट पेशंट म्हणजे घरातला म्हातारा. मी बाहेरच्या सोप्यात खाट टाकली, कपाळाला पट्टी बांधली, गोधडी घेतली आणि मिस्टर ब्राउन झालो. पार्ट असा वठवला की काय सांगू! दुखत असलं तरी दुखतंय म्हणायचं नाही. ‘काही नाही, ठीक आहे, मला घरी सोडा’ एवढंच. आणि नर्सने प्रश्न विचारायच्या आधी आपणच तिला विचारायचं: तू कुठली, कुणाची, मामा कुठले, त्या गावच्या सरपंचाचं आणि तुमचं काय नातं. आपल्याकडचा कुठला म्हातारा पै-पाहुणा जुळल्याशिवाय नाडी दाखवतो? (हर्नियाच्या वेळी सांगलीत हाताची सलाइन उपसून कोण निघालं होतं, ते मी इथे काढत नाही.)

एका सकाळी मी असाच इंग्रजीतून कण्हत पडलो असताना आपला धुळा मेंढरं घेऊन दारावरून गेला. त्याने वाकून बघितलं, माझे दोन उद्गार ऐकले आणि काही न विचारता निघून गेला. दुपारपर्यंत गावभर बातमी की सुभेदाराला ताप चढला, तो मेंदूत गेला आणि आता तो मराठी विसरलाय. मग भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. बिस्किटांचे पुडे, शहाळी, केळी. जो तो उशाशी बसून माझ्याकडे न बघता बनुबाईला औषधं सांगत होता. मी उठून बसलो आणि म्हणालो, “आवं, मी धडधाकट हाय!” तर एक म्हातारी पदराने डोळे पुसत म्हणाली, “जायच्या आधी जरा हुशारी येतीच.” व्याहीबुवा, मी दोन लढायांच्या काळात नोकरीत होतो, पण माझ्या मरणाची एवढी तयारी कुणी केली नव्हती. शेवटी सगळ्यांना चहा पाजून रेश्माने खरं काय ते सांगितलं. बिस्किटं मात्र कुणी परत नेली नाहीत. शिवांजलीला (तुमची नात, विसरला नसाल अशी आशा आहे) ती महिनाभर पुरली आणि आजोबा पुन्हा कधी आजारी पडणार, असं ती विचारत असते.

हसण्यावारी नेऊ नका; पुढे प्रकरण अंगाशी आलं. रेश्माचा क्लास सांगलीला, विश्रामबागेत. तिथले जवाहर सर मोठे सज्जन. जैन आहेत, सूर्यास्ताआधी जेवतात, त्यामुळे त्यांचा क्लास घड्याळावर नाही, उन्हावर चालतो. ऊन भिंतीवरून उतरू लागलं की क्रियापदं भराभर संपतात. त्यांनी खोटी परीक्षा घेतली, तेव्हा स्वतः पेशंट झाले. आणि आपल्या पोरीने काय करावं? ‘कुठे दुखतं?’ विचारायच्या आधी अस्खलित इंग्रजीत चौकशी: मिस्टर ब्राउन, तुमचं गाव कोणतं, घरी कोण कोण असतं, सोबत कोण आलंय, चहा झाला का, जनावरांचं कोण बघतं? सर गांगरले. त्यांच्या चिठ्ठीत जनावरं नव्हती. वेळ संपली तरी आजारावर गाडी आलीच नव्हती. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि फार नम्रपणे म्हणाले, “सुभेदारसाहेब, इंग्रजी तिचं चांगलं आहे. पण तुम्ही आता बरे व्हा.”

घरी येताना एसटीत रेश्मा वाकड्या खिडकीतून बाहेर बघत मला म्हणाली, “मामा, आबा म्हणत्यात त्येच खरं असंल. माझं हितंच बरं.” (आबा म्हणजे तुम्ही.) मला फार वाईट वाटलं. माझ्या नादाने पोरगी मागे पडली असं वाटलं. पट्टी सोडली, खाट उभी करून ठेवली. पुढचे दिवस ती सरांची वाक्यं पाठ करत राहिली, ‘मला तुमची काळजी समजते’ वगैरे. वाक्यं बिनचूक, पण ऐकताना बँकेतल्या यंत्राशी बोलल्यासारखं वाटायचं.

परीक्षा पुण्याला. सोबत मी गेलो. फाटकावरच्या पोरसवदा वॉचमनने अडवलं; मी सुभेदार असल्याचं सांगितलं, तर तो म्हणाला, “मग झाडाखाली थांबा.” थांबलो. बनुबाईने अंगारा दिला होता तो खिशात, आणि ओठांवर मिस्टर ब्राउनसाठी प्रार्थना, की बाबा, जरा सरळ वाग. रेश्मा बाहेर आली ती ना हसत, ना रडत. एसटीत बसल्यावर घाट लागला, तेव्हा तिने आपणहून सांगितलं.

आत एक बाई पेशंट झाल्या होत्या. पायाला जखम चिघळलेली, दवाखान्यात राहायला हवं, आणि त्या हटून बसलेल्या: काही होत नाही, घरी जाते. रेश्माने पाठ केलेली सगळी वाक्यं वापरून संपवली. बाई हलेना. वेळ सरत आली. तेव्हा ती सरांचं सगळं विसरली, आणि तोंडातून जुनाच प्रश्न गेला: “घरी कोण आहे तुमच्या? कुणाचं बघायला जायचंय?” बाई थबकल्या. मग हळूच म्हणाल्या की घरी म्हातारा कुत्रा आहे, त्याला खायला घालणारं कुणी नाही. ते त्यांच्या चिठ्ठीत होतं, व्याहीबुवा! तेच तर काढून घ्यायचं होतं! मग रेश्माने विचारलं शेजारी कोण राहतं, त्यांना फोन करू या का, आणि दोन मिनिटांत कुत्र्याची सोय लागली, बाई दवाखान्यात राहायला कबूल झाल्या, घंटा वाजली. आतून इंग्लंडही असंच आहे म्हणायचं. तिथेही माणूस दुखणं लपवतो आणि जीव जनावरात अडकलेला असतो.

साताऱ्याला गाडी थांबली. तिथून कोरेगावची गाडी लागलेली होती, पाटीच समोर. रेश्मा त्या पाटीकडे बघत राहिली. उतरू का, असं ती म्हणाली नाही. उतर, असं मला म्हणवलं नाही. गाडी सुटल्यावर तिने शिवांजलीसाठी घेतलेले कंदी पेढे पिशवीत खाली सारले आणि डोळे मिटून घेतले.

निकाल अजून लागायचा आहे. बाकी इकडे सर्व क्षेम. ऊस तुटून गेला, त्याच बुडख्यांचा खोडवा ठेवलाय. लोभ आहे तो फोनसारखा कापू नये.

आपला,
(बरा झालेला) आकाराम

ता. क. एक लिहायचं राहिलं. खाटेवर मी मिस्टर ब्राउन झालो असं वर लिहिलं ते खोटं; ते नाव फक्त सरांच्या क्लासमध्ये होतं. आमच्या सोप्यातल्या खाटेवरच्या पेशंटचं नाव पहिल्या दिवसापासून लालासाहेब होतं. हर्नियाच्या वेळी तुम्ही सलाइन उपसलीत, डॉक्टरांवर ओरडलात, कुणाला कारण कळेना. रेश्मा नर्सच्या ड्यूटीवरून धावत आली आणि तिने तेवढंच विचारलं, “आबा, घरी काय राह्यलंय?” तेव्हा तुम्ही सांगितलंत की गाय आज-उद्या व्यायला झालीय. तिने गाईपाशी थांबायला कोरेगावला माणूस गाठला, आणि मग तुम्ही ऑपरेशनला गेलात. मी फक्त तुमची नक्कल केली. एसटीत मी तिला विचारलं, तो प्रश्न ऐन वेळी सुचला कसा? म्हणाली, “त्या बाई मान फिरवून बसल्या आन् मला आबाच दिसलं.”

ता. क. दुसरा. मागणं एकच. तिच्याशी निकालाच्या आधी बोला. पास झाल्यावर बोललात तर तिला वाटेल, आबा निकालाशी बोलले. नापास झाल्यावर बोललात तर वाटेल, आबा जिंकले. आत्ता बोललात तर ती नुसती तुमची मुलगी असेल. मला स्वतःला ती गेली काय, राहिली काय, काही वाटत नाही; सवय आहे.

ता. क. तिसरा, पेन माझ्या हातातून ओढून घेऊन बनुबाईचा: दाजी, ह्यांला काय वाटत न्हाई हे खोटं हाय. पोरगी जानार म्हनून हे खाटंवर पडून खरंच कन्हत्यात, आता मराठीत. तुमी फोन लावा. काय बोलावं सुचलं न्हाई तर गाय कशी हाय तेवढंच सांगा. म्होरलं ती इचारील.