आधीचा कागद रद्द, गुडघा शाबूत

मी, खाली सही करणारा, वय चौसष्ट, धंदा फरशी बसवणे, पत्नी हयात नाही, मुलगी एक, धाकटा भाऊ एक, हा कागद माझ्या राहत्या घरी खुर्चीत बसून सांगतो आहे आणि वकीलसाहेब लिहून घेत आहेत. माझं डोकं ठिकाणावर आहे. ताप नाही, सकाळी दोनदा मोजला. कोणी दरडावलेलं नाही की फूस लावलेली नाही. उलट वकीलसाहेब दर दोन ओळींनी "हे लिहायची गरज नाही" म्हणतात आणि मी लिहायला लावतो, यावरून इच्छा कोणाची आहे ते उघड व्हावं.

कलम १. चार महिन्यांपूर्वी हॉस्पिटलच्या खाटेवर मी एक मृत्युपत्र केलं होतं. ते मी रद्द करतो. त्यात घर, हत्यारं आणि बँकेतली ठेव सगळं धाकट्या भावाला दिलं होतं आणि मुलीबद्दल "हिने माझा पाय कापायला सही दिली, सबब हिला काहीही मिळू नये" असं लिहिलं होतं. पाय कापलेला नाही. दोन्ही पाय या क्षणी खुर्चीखाली आहेत, वकीलसाहेबांनी वाकून खात्री केली. पण तो कागद तसाच असताना मी गेलो असतो, तर माझी मुलगी राहत्या घरातून रस्त्यावर आली असती. गेले चार महिने मला घोर होता तो याचा. गुडघ्याचा नंतर.

कलम २. तो कागद कसा झाला ते इथे नोंदवतो, नाहीतर लोक म्हणायचे, म्हातारा चळला.

आमच्या धंद्यात सगळा दिवस गुडघ्यांवर जातो. गुडघा सुजतो, आत पाणी होतं. मग दाभण काडीवर तापवायचा, टोचायचा, पाणी काढायचं, फडकं बांधायचं आणि पुन्हा कामाला लागायचं. वडिलांनी तेच केलं, आम्ही भाऊ एकमेकांचं तेच करत आलो. हात धुवावेत हे कधी कोणाच्या डोक्यात आलं नाही. त्या रविवारी माझा उजवा गुडघा धाकट्याने टोचला. मंगळवारी तो नारळाएवढा झाला, लालभडक, हात लावला तर चटका बसावा असा. हुडहुडी भरली. मी म्हटलं, शेकलं की उतरेल.

माझी मुलगी औषधांच्या दुकानात काम करते. तिला सगळे लवंगी मिरची म्हणतात, ते उगीच नाही. तिने थर्मामीटर बघितलं, शेजाऱ्याला गाडी काढायला लावली आणि मला पोत्यासारखं आत कोंबलं.

डॉक्टरीणबाईंनी गुडघ्यात सुई घातली, तर पाण्याऐवजी पू आला. त्या म्हणाल्या, "काका, बारा वर्षांची साखर, ती ताब्यात नाही. गुडघा आधीच झिजलेला. वर्षात तीन इंजेक्शनं त्याच्यातच घेतलेली. टाचांना भेगा. आणि एवढं असताना वर दाभण! जंतूंना आमंत्रणपत्रिका तेवढी छापायची राहिली होती."

"अजून दोन दिवस घरी शेकत बसलो असतो तर?"

"तर सांधा आतून खाऊन टाकला असता. मग पाय जातो. कधी माणूसच जातो. उपचार करूनही दहातला एखादा जातो."

गुडघा लगेच उघडायचा ठरला. मी तापात आडवं लावलं. मुलगी म्हणाली, "बाबा, कापत नाहीयेत. उघडून आतून धुणार आहेत."

"धुवायला ती काय मोरी आहे?"

"मोरी परवडली. ती आरडाओरडा तरी करत नाही," ती म्हणाली आणि सही करून मोकळी झाली.

शुद्धीवर आलो तर कमरेखाली काही कळेना. पाठीत भुलीचं इंजेक्शन होतं, हे मला कोण सांगणार? मला वाटलं, गेला पाय. चादर उचलून बघायची हिंमत झाली नाही. तेवढ्यात धाकटा आला. त्याचीही झाली नाही. आम्ही दोघांनी जन्मभर लोकांच्या हजारो फरश्या उचकटून खाली बघितलं, पण त्या दिवशी एक चादर उचलली नाही. मी सांगत गेलो, तो रडत रडत लिहीत गेला. शेजारच्या खाटेवरचा पेशंट आणि झाडूवाला यांच्या सह्या घेतल्या. धाकटा कागद खिशात घालून गेला, आणि तासाभरात माझ्या उजव्या पायाचा अंगठा हलला.

मुलीने दुसऱ्या दिवशी काकाकडून तो कागद मागून घेतला, उभ्या उभ्या वाचला, नीट घडी घालून त्याला परत दिला. मला एवढंच म्हणाली, "ताप उतरू दे तुमचा." गुडघा तीनदा धुतला. सहा आठवडे औषधं चालली, आधी शिरेतून, मग गोळ्या. डबा ती रोज आणायची. मला चूक कळली होती. पण तोंडाने म्हणवेना. मेला तो माझा स्वभाव. तेव्हा इथे म्हणतो: पोरी, चुकलो.

कलम ३. हे घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, आणि बँकेतली ठेव माझ्या मुलीला मिळावी. स्वयंपाकघरातली फरशी एकवीस वर्षं अर्धीच आहे. दिव्याखाली अंधार. तिची आई जाईपर्यंत त्यावरून बोलत होती आणि तिचं बरोबर होतं. ती फरशी आता माझ्याने पुरी होणार नाही. गुडघा काटकोनात वाकतो, पुढे नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, एवढ्या उशिरा येऊन एवढा वाकतो हेच पुष्कळ. गुडघे टेकणं आता या जन्मी नाही, हे माझ्याशी कायम वाद घालणाऱ्या मेव्हण्यांनी लक्षात घ्यावं.

कलम ४. दाभण कोणालाही देऊ नये. मी तो सिमेंटच्या गोळ्यात बुजवला आहे. धंद्यातल्या ज्या कोणाचा गुडघा लाल होऊन तापेल आणि अंगात कणकण येईल, त्याने त्याच दिवशी दवाखाना गाठावा. साखरवाल्याने तर धावत. धावता येत नसेल, तर पोत्यासारखं जावं. मी गेलो होतो.

कलम ५. माझा चाकाचा वॉकर साडूंना द्यावा. ते हॉस्पिटलात भेटायला आले, माझ्यासाठी आणलेली सफरचंदं समोर बसून खाल्ली आणि डॉक्टरीणबाईंना विचारलं, "किती दिवस काढतील?" त्यांनी वॉकर वापरावा आणि दिवस मोजावेत.

कलम ६. हत्यारं: वडिलांची लेव्हल, गुण्या, थाप्या, रबरी हातोडे, कटर. ही मी धाकट्या भावाच्या नावे सांगितली होती आणि वकीलसाहेबांनी लिहिलीही होती. हे कलम आता खोडलं आहे. का, ते सांगतो.

काल शेवटचा रिपोर्ट आला. रक्तात काही नाही, सांध्यात काही नाही. मी मोठ्याने हसलो, मुलगी रडली, मग आमची अदलाबदल झाली. ही बातमी तिनेच काकाला कळवली असणार, कारण आज धाकटा आला. चार महिन्यांत पहिल्यांदा. दारातच उभा राहिला. आत येईना.

"दादा, टोचलं मी होतं," तो म्हणाला. "रोज वाटायचं, तू गेलास तर मी मारलं, आणि वर घरही माझ्याच नावावर."

त्याने तो कागद माझ्या हातात दिला. मी फाडला. केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू! मुलीने काकाला हाताला धरून आत आणलं आणि चहा टाकला.

मग सह्यांची वेळ आली. साक्षीदार दोन हवेत आणि हजर एकच, खालच्या शिंपीणबाई. धाकटा म्हणाला, "मी करतो." वकीलसाहेब म्हणाले, "तुम्हाला यात हत्यारं मिळतायत. ज्याला मिळतं, त्याला साक्षीदार होता येत नाही."

"मग ते खोडा."

"अरे, वडिलांची लेव्हल आहे त्यात," मी म्हटलं. लहानपणी तिच्यासाठी आम्ही एकमेकांची डोकी फोडली होती.

"असू दे. त्या कागदात घेणारा म्हणून माझं नाव होतं, दादा. या कागदावर मला नुसती सही करू दे."

सबब हत्यारंही मुलीच्या नावे केली आहेत. तिच्याकडून ती कोण मागून नेतो, त्यात मी पडणार नाही.

वरील सर्व मला वाचून दाखवलं. ते माझंच आहे.

स्थळ: माझं घर, पुढची खोली
दिनांक: ९ मार्च, सकाळी साडेअकरा

लिहून देणार: फरशीवाला मिस्त्री (सही)

मन शाबूत असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे.

साक्षीदार १: खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई (सही)

साक्षीदार २: लिहून देणाऱ्याचा सख्खा धाकटा भाऊ. या मृत्युपत्राने यांना काहीही मिळत नाही. (सही)